मीटरवाल्याचा चहा

योसेफ,

परवा डेपोत तुझी शोकसभा झाली. खुर्चीवर तुझा फोटो ठेवला होता आणि हार इतका मोठा आणला होता की तुझी हनुवटी त्यात बुडाली होती. बोलायला उठलेल्या प्रत्येकानं तुझ्याबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि मग गाडी माझ्याकडे वळवली. "दिगंबरभाऊनं सख्ख्या भावाच्या वर केलं." "असा दोस्त मिळायले नशीब लागते." मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, दुःख आवरत नाहीये. एकानं पाण्याचा ग्लास आणून दिला. तो हातात धरून मी विचार करत होतो की आता उठावं आणि मागच्या दारानं घरी निघून जावं.

मला बोलायला सांगितलं तेव्हा 'योसेफ चांगला ड्रायव्हर होता' एवढं म्हणून मी खाली बसलो. जन्मभर भरल्या गाडीत ओरडून तिकिटं फाडलेला माणूस मी, पण तिथं आवाज फुटेना. खरं काय ते त्या सभेत सांगण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायला हवं होतं, आणि सांगायला वेळ होता तेव्हा मी तुझ्याशी सोयाबीनच्या भावावर गप्पा मारत बसलो.

डेपोत आपली जोडी सगळ्यांना ठाऊक होती. सकाळी सीटवर बसलास की तू आधी क्रूसाची खूण करायचास, मग किल्ली फिरवायचास. मी काचेवरच्या फोटोला उदबत्ती लावायचो. साखरखेर्ड्याची एक म्हातारी बाजाराला जाताना म्हणायची, "या गाडीले दोन दोन देव हायेत, मी याच गाडीत बसते." तुझं गाव जालन्याकडचं. 'मले-तुले' बोलणं तू इकडे चिखलीला येऊन शिकलास आणि माझ्यापेक्षा जास्त वऱ्हाडी होऊन बसलास.

आपल्यात एकच कायदा होता. कंडक्टरनं स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि ड्रायव्हरनं घंटीशिवाय गाडी हलवायची नाही. कोण चढणार, कोण उतरणार, गाडी कधी सुटणार, हे माझं खातं. कशी जाणार, हे तुझं. एकदा अमडापूरला मी चहाच्या नादात खालीच रमलो. गाडीत माणसं ओरडत होती, कोणी तुला सरळ सांगत होतं की जाऊ दे त्याला, मागून येईल. तू स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसला होतास. मी धावत आलो तेव्हा तू त्यांना म्हणत होतास, "कंडक्टरची घंटी वाजल्याशिवाय गाडी हालत नसते." मला रागावला नाहीस. मी डबल घंटी दिली आणि तू गिअर टाकलास.

मुक्कामी गाडी असली की संध्याकाळी मी स्टोव्हवर खिचडी टाकायचो आणि तू मागच्या सीटवर माळ घेऊन बसायचास. तुमच्या त्या प्रार्थनेत 'मरणाच्या वेळी' असं येतं, आणि ते मण्यामण्याला येतं. खिचडी शिजेपर्यंत तो शब्द तुझ्या तोंडून इतक्या वेळा निघायचा की माझ्या अंगावर काटा यायचा.

"काऊन बे, रोज मरणाचं नाव घेऊन राह्यला?" मी एकदा विचारलं. "सकाळी गाडी तुलेच चालवायची हाय."

"ते येणारच हाय ना, दिगू. त्या टायमाले कोणीतरी सोबत असावं, इतकंच मांगून राह्यलो."

मी म्हणालो, आमच्या घरात तो शब्द काढत नाहीत. आणि मग तुला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली, मोठ्या अभिमानानं. त्यांच्या गळ्यात कॅन्सर होता. आम्ही शेवटपर्यंत 'सूज आहे' असंच म्हणत राहिलो. भेटायला येणाऱ्याला मोठा भाऊ ओट्यावरच गाठायचा आणि तंबी द्यायचा, मगच आत सोडायचा. बाप जाण्याच्या आदल्या दिवशीही चुलतभावाच्या लग्नात कोणतं धोतर नेसायचं ते विचारत होता. "असं मरण पाह्यजे," मी म्हणालो, "कळलंच नाही त्याहिले."

तू माळ गुंडाळून खिशात ठेवलीस. "त्याहिले कोणाले काई सांगायचं राह्यलं अशीन तं?"

मला राग आला. तुझी खिचडी तुझ्या ताटात आपटून वाढली आणि सकाळी पहिला थांबा येईपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. उत्तर मात्र मी तुला कधी दिलं नाही. आज द्यायचं झालं तर 'हो, राहिलं असेल' एवढंच आहे. माझ्याशी बोलायचंच राहिलं असेल, कारण आदल्या दिवाळीपासून शेताच्या बांधाच्या भांडणावरून आम्ही एकमेकांशी धड बोलत नव्हतो.

मार्था वहिनी गेल्या तेव्हा तुमची रीत मी पहिल्यांदा जवळून पाहिली आणि घाबरलो. त्यांना सगळं माहीत होतं. कोणती साडी कोणाला द्यायची ते सांगून झालं होतं. दफनाला जालन्याकडून येणारे पाहुणे उपाशी जाऊ नयेत म्हणून किती तांदूळ भिजवायचे तेही शेजारणीला सांगितलं होतं. आणि हे सगळं हसत. फादर छोटी काळी बॅग घेऊन आले, तुम्ही सगळे आत गुडघ्यावर बसलात, आणि मी चपला घालून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. आत काय चाललंय ते मला बघायचंच नव्हतं. जिवंत बाईला निरोप काय देता, असं वाटत होतं. रात्री तुला तसं बोललोसुद्धा. "तुमच्या लोकाईले मरणाची लय हौस हाय बे."

बायको तासाभरापूर्वी गेलेल्या माणसाला मी हे म्हणालो.

तू थकलेला होतास. म्हणालास, "हौस नाई, दिगू. आमी त्याले दारातून हाकलून देत नाई, इतकंच."

या वर्षी तुझे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तुझी सुनीता नाशिकहून आली. डॉक्टरांनी तिला आणि मला आत बोलावलं आणि सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, आता दुखणं कमी ठेवायचं एवढंच आपल्या हातात आहे. बाहेर आल्यावर पोरगी भिंतीला टेकली आणि म्हणाली, "काका, बाबांना सांगू या. त्यांना चालेल. आईच्या वेळी बघितलंत ना तुम्ही."

मी तिला सांगितलं की तुझं वय काय, मी आयुष्य पाहिलंय. माणूस मनानं खचला की संपला. बापाला जगवायचं असेल तर तोंड बंद ठेव. ती रडत होती म्हणून मी आवाज आणखी चढवला. तुझी पोटची पोर, तुमच्याच रीतीत वाढलेली, तुला तिच्यापेक्षा जास्त मी ओळखतो असं मला वाटत होतं. शेवटी ती म्हणाली, "बरं, काका." त्या दोन शब्दांची मला अजून शरम वाटते. मग मी तुझ्याजवळ येऊन मोठ्यानं म्हणालो, "कावीळच हाय बे, जुनी. पथ्य पाळ, दोन महिन्यात ठणठणीत."

तू माझ्याकडे बघितलंस. "हाव," म्हणालास.

त्यानंतर तुझ्या घराचा कंडक्टर मीच झालो. सुनीताला नोकरी सुटत नव्हती, ती सुट्टी मिळेल तशी यायची. दिवसा मी आणि रात्री माझा पुतण्या, अशी पाळी लावली. कोण आत येणार, किती वेळ बसणार, काय बोलणार, सगळं मी ठरवायचो. माझ्या थोरल्या भावानं बापाच्या वेळी जे केलं तेच मी तुझ्या दारात करत होतो. डेपोतली पोरं आली की आधी फाटकाशी त्यांना बजावायचो, 'कावीळ म्हणायचं, दुसरा शब्द नको.' सकाळी तुझ्या तोंडाला पपईचा रस, उसाचा रस. तुला गिळवत नव्हतं तरी पाजायचो. "लढ बे, हिंमत सोडू नको," असं दिवसातून कितीदा म्हणालो असेन.

"कोणाशी लढू?" एकदा तू विचारलंस.

"काविळीशी."

तू हसलास. हसताना तुझ्या पोटात कळ आली आणि तू उशी धरलीस.

तू मला वाट करून देत होतास, हे आता कळतं. एका दुपारी छताकडे बघत म्हणालास, "मार्थाच्या बाजूची जागा अजून रिकामी हाय ना, दिगू?" मी म्हणालो, "तुले काय करायची हाय जागा? आधी ताटातलं जेव." दुसऱ्यांदा तू सुनीताचा विषय काढलास की ती एकटी पडेल, तिच्या लग्नाचं तू बघजो. मी म्हणालो, "तिच्या लग्नात तूच नाचणार हायेस." किती हुशारीनं उत्तर दिलं असं वाटून मी खूशही झालो. तू कूस बदललीस. मी पांघरूण नीट केलं आणि त्यालाच सेवा समजलो.

आणि मग फादर आले.

मी अंगणात तुझे कपडे वाळत घालत होतो. फाटकाशी मोटरसायकल थांबली. खांद्याला तीच छोटी काळी बॅग. ती पाहिली आणि मला मार्था वहिनींची खोली आठवली. ही बॅग आत गेली की तुला सगळं कळेल आणि तू आजच हातपाय गाळशील, एवढंच डोक्यात आलं. मी पुढे होऊन फाटकाची कडी धरली. गाडी भरल्यावर दार धरून उभा राहायचो ना, अगदी तसाच.

"योसेफदादा कसे आहेत?" फादर म्हणाले.

"झोपलेत. बरं आहे आता. पुढच्या आठवड्यात या."

"दोन मिनिटं नुसतं भेटून गेलो असतो."

"डॉक्टरांनी कोणाला भेटू द्यायचं नाही सांगितलंय."

असं कोणत्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आवाजही माझा तोच होता, जागा नाही, मागच्या गाडीनं या, असं सांगायचा. फादरांनी माझ्या हाताकडे पाहिलं, कडीवरच्या. मग खिडकीकडे पाहिलं. मोटरसायकल वळवून गेले. उन्हाचे आले होते, डोक्याला रुमाल बांधलेला होता. पाणी विचारायचंही मला सुचलं नाही.

मी आत आलो. तू जागा होतास.

"कोण होतं बे?"

"मीटरवाला. रीडिंग घ्यायले आला होता."

बाहेरचं बोलणं तुझ्या खाटेपर्यंत शब्दन् शब्द ऐकू येतं, हे मला का माहीत नव्हतं? तिथं बसून मीच रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायचो. तू डोळे मिटून म्हणालास, "मीटरवाल्याले चहा तरी पाजायचा होता, दिगू. लय लांबून येते बिचारा."

तुला कळलं होतं. तुला कळलंय हे मलाही कळलं. त्याच क्षणी मी फाटकाबाहेर धावलो असतो तर फादर चौकातही पोचले नसते. पण मी तांब्या उचलला, तुझ्या ग्लासात पाणी ओतलं आणि म्हणालो, सोयाबीनचा भाव यंदा पार पडला बघ. तू म्हणालास, "हाव?" आणि आपण त्यावर बोलत बसलो.

काविळीनं तुझ्या अंगाला खाज सुटायची. रोज संध्याकाळी मी वाटीत खोबरेल घेऊन तुझे पाय चोळायचो. पुढे तुझं बोलणं फार कमी झालं. त्या शेवटच्या दुपारी तुझा श्वास बदलला. डॉक्टर येऊन बघून गेले आणि जाताना म्हणाले, मुलीला बोलवा. सुनीताला फोन केला, ती नाशिकहून निघाली. मग भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरवरचा नंबर पाहून फादरांना फोन केला. ते दूरच्या एका गावी होते. म्हणाले, आत्ता निघतो.

दिवस मावळायला मी सवयीनं वाटी घेऊन तुझ्या पायाशी बसलो. तू मान हलवलीस.

"आज पायाले नको. कपाळाले लाव."

मी लावलं. तू दोन्ही हात चादरीवर उताणे ठेवलेस.

"आता हाताले."

"तळव्याले खाज सुटली का?" मी विचारलं.

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "हाव."

मी तुझ्या तळव्यांना तेल लावलं, एकाला, मग दुसऱ्याला. तुझे ओठ हलत होते. मला वाटलं पाणी हवंय, मी चमचा पुढे केला, तर तू तोंड मिटून घेतलंस. तेवढंच. त्यानंतर तू बोलला नाहीस. फादर पोचले, सुनीता पोचली, तेव्हा तू गेलेला होतास. सुनीतानं तुझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काका, हातांना तेल कसलं?" मी खाजेचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तुम्ही त्यांना एकटं नाही पडू दिलं." पोरगी समजूतदार आहे, तुझ्यावर गेलीय. पण मी दिवसभर तुझ्या उशाशी बसूनही तू एकटाच होतास. तुझ्या मनात जे चाललं होतं त्याला त्या घरात मी पायच ठेवू दिला नाही.

काल फादर पुन्हा आले, सुनीतासाठी प्रार्थना करायला. सुनीता दुकानात गेली होती, घरात मीच होतो. त्यांना खुर्ची दिली आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. की तुम्ही आलात तेव्हा तो जागा होता. की डॉक्टरांचं मी खोटं सांगितलं. की त्याला मी सांगितलं, मीटरवाला आला होता.

फादरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला त्यांनीच फोन केला होता, दिगंबरभाऊ. म्हणाले होते, आता तेल घेऊन या."

मी खाली बसलो.

"मी परत गेलो त्या दिवशी रात्री त्यांचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, उद्याच येतो, मी बोलतो तुमच्या मित्राशी. तर म्हणाले, नको. जरा थांबा, फादर. दिगूची तयारी व्हायची हाय अजून."

योसेफ, तुझी तयारी कधीच झालेली होती. तू माझ्यासाठी थांबला होतास. अमडापूरला थांबला होतास तसा, अंगातल्या सगळ्या कळा गोंगाट करत असताना, स्टिअरिंगवर हात ठेवून. आणि मी खाली चहा पीत राहिलो. ज्या वेळेसाठी तू जन्मभर माळेवर सोबत मागितलीस, ती वेळ आल्यावर तू देवाच्या माणसाला थांबवून ठेवलंस, आणि तेही कोणासाठी, तर तुमच्या लोकांना मरणाची हौस आहे म्हणणाऱ्यासाठी. शरमेनं माणसाचं अंग खरंच गरम होतं, हे मला या वयात कळलं.

मग मी त्यांना खोबरेलाचं सांगितलं. कपाळ आणि तळवे. फादरांनी चष्मा काढला. म्हणाले, आजाऱ्याला आम्ही तेल लावतो ते कपाळाला आणि तळव्यांनाच. मार्था वहिनींच्या वेळी मी फाटकाबाहेर उभा राहिलो नसतो तर मला ते माहीत असतं.

"मग ते चाललं का?" मी विचारलं. "त्याला ते पोचलं का?"

फादर खोटं बोलणारे नाहीत. "संस्कार नाही म्हणता येणार," ते म्हणाले. "तो फादरच्याच हातून व्हावा लागतो. तेलही वेगळं असतं."

"योसेफला हे माहीत होतं?"

"त्यांना? पक्कं माहीत होतं."

तुला पक्कं माहीत होतं आणि तरी तू माझ्यापुढे हात उताणे ठेवलेस. मी खाजेचं विचारलं तर हो म्हणालास. मी कधीतरी हे सगळं जोडून बघणार, आणि तेव्हा मला धरायला काहीतरी हवं, याची सोय तू करून ठेवलीस का? की तुला माझाच हात हवा होता? तुला विचारता आलं असतं. विचारायचं राहिलेल्यात तेही एक.

फादर उठायला लागले. मी म्हणालो, बसा. आत गेलो. तुझ्या घरात साखर कुठं, पत्ती कुठं, सगळं मला माहीत. आलं ठेचलं, दूध जास्त घातलं. थोडा चहा बशीत सांडला. फादरांनी तो घेतला आणि रिकामा कप खाली ठेवला. मी विचारलं, अजून घ्याल? ते म्हणाले, घेईन.

पाजला, योसेफ. दोन कप घेतले त्यांनी. लय लांबून येते बिचारा.